आपल्या आगराचं मीठ

प्रिय इरा आणि अर्णव,

आपल्या स्वयंपाकघरात चिनीमातीची एक बरणी आहे आणि तिच्यात मीठ आहे. एवढ्या विधानाखाली मी कुठेही सही करायला तयार आहे. त्यापुढचं मात्र नीट सांगावं लागेल आणि ते आत्ताच सांगावं लागेल. कारण इराच्या शाळेने प्रत्येकाला घरातली एक जुनी वस्तू आणि तिचा पानभर इतिहास आणायला सांगितलाय, आणि तुमच्या बाबाने फोनवर इतिहास सांगायला सुरुवातही केलीय. त्याच्या इतिहासात मीठ दोनशे वर्षांचं आहे आणि तुमच्या आजीला ओकिनावात पोलिसांनी पकडलं होतं.

पोलीस नव्हते, अग्निशमन दल होतं. आणि त्यांनी मला पकडलं नाही. पकडायला हात मोकळे लागतात. त्या सगळ्यांचे हात नाकातोंडावर होते.

मी पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. अर्धवट उत्तराला कधी पूर्ण गुण दिले नाहीत. तेव्हा क्रमाने सांगते.

तुमच्या आबांच्या घरची, म्हणजे माझ्या सासरची, भाईंदरला मिठागरं होती. घरात नुसतं 'आगर' म्हणत. भरतीचं पाणी बांध घालून वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटू द्यायचं आणि खाली धरलेलं मीठ ओढून काठावर ढीग करायचे. आबा शाळेत असताना ते सगळं बंद झालं. शेवटच्या हंगामातलं मीठ तुमच्या पणजोबांनी एका बरणीत भरलं आणि घराला नियम घालून दिला. नवी सून आली की तिच्या पहिल्या पानात आणि मूल जेवायला लागलं की त्याच्या पहिल्या घासात या बरणीतलं मीठ. एरवी बरणीला हात लावायचा नाही. बरणी थोरल्या सुनेच्या ताब्यात. थोरली सून म्हणजे मी. आणि थोरल्या सुनेवर लक्ष ठेवायला आबांची मोठी बहीण, तुमची माईआजी.

माई भाईंदर गावातल्या घरी राहत आणि आम्ही मिरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये. दर महिन्याला त्या रिक्षाने येत आणि चपला काढल्या की पहिल्यांदा बरणीचं झाकण उघडून आत बघत. मग चहा. त्या बरणीकडे गेल्या की मला स्वयंपाकघरात उगाच कामं सुचत. धुतलेली भांडी परत धुवावीशी वाटत. त्याचं कारण पुढे येईल. इतिहासात क्रम महत्त्वाचा.

इरा, तू सात महिन्यांची होतीस. तुझा बाबा सौरभ तेव्हा दोन वर्षांसाठी ओकिनावात नोकरीला होता. नकाशात जपानच्या खालच्या अंगाला, कुणीतरी चालता चालता चुरमुरे सांडावेत तशी बेटांची रांग दिसते ना, तीच. (अर्णव, तू जन्मला नव्हतास. गोष्टीत तू कुठे आहेस हे तू प्रत्येक वेळी विचारतोस म्हणून आधीच सांगते. तू शेवटी आहेस.) मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात. सातवा चुकला तर नववा, आणि नवव्यात बाबाला सुट्टी नव्हती. म्हणून आबा, माई आणि मी असे तिघं, मिठासह, निघायचं ठरलं.

"आई," तुमची आई ऋचा फोनवर म्हणाली, "डॉक्टर म्हणालेत, एक वर्षापर्यंत मीठ अजिबात नाही."

फोन स्पीकरवर होता. माई मागून म्हणाल्या, "त्या डाक्तरचं उष्टावन कुनी केलं व्हतं, त्ये इचार."

दोन दिवस वाटाघाटी चालल्या. शेवटी ऋचा म्हणाली, "एक कण. मोजून एक. आणि तो चमच्याच्या टोकाला लावायचा, भातात कालवायचा नाही."

"एकच कन," माई म्हणाल्या. "पन आपल्या आगराचा."

एका कणासाठी माईंनी पाव किलो मीठ काढलं. वाटेत सांडलं तर, भिजलं तर, कुणी मागितलं तर. मीठ हातात द्यायचं नसतं, भांडण होतं, म्हणून भरलेली स्टीलची डबी त्यांनी ओट्यावर ठेवली, दोन पावलं मागे सरकल्या आणि मग मी पुढे होऊन ती उचलली. (भांडण तरीही झालं. डबी कुठल्या बॅगेत ठेवायची यावरून.) मी सामानाची यादी करून प्रत्येक डब्यावर नंबर घातले. मीठ, एक नंबर. मोहरी, दोन नंबर. लाल मिरच्या, तीन नंबर. मिरच्या नया नगरच्या एका मसालेवाल्याकडून घेतल्या होत्या.

"तीखी है ना, भैया?" मी विचारलं.

"आंटी, एक तवे पे रखोगी तो पूरी बिल्डिंग खाँसेगी."

दुकानदाराच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं, असं मला तेव्हा वाटत असे.

ओकिनावाच्या विमानतळावर एका तरुण अधिकाऱ्याने एक नंबरची डबी उघडली. आत राखाडी, जाडे खडे. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"सॉल्ट," मी शुद्ध उच्चारात म्हणाले.

तो डबीकडे बघत राहिला. मग काचेबाहेर बघितलं. बाहेर समुद्र होता. दुसऱ्या बाजूलाही समुद्र होता. चहूकडून खाऱ्या पाण्याने वेढलेल्या बेटावर ही बाई विमानातून मीठ घेऊन आली आहे, हे त्याने मनाशी दोनदा पडताळून पाहिलं असावं. मग अतिशय आदराने डबी बंद केली आणि दोन्ही हातांनी मला परत दिली.

"हातात दिलं," माई पुटपुटल्या. "आता बघ."

सौरभने आम्हाला आणखी एका लहानशा बेटावर दोन रात्रींसाठी नेलं. आमचं बुकिंग आधीच झालेलं होतं आणि माईंनी काढलेला मुहूर्त नेमका तिथल्या शेवटच्या दिवशी आला. सकाळी सव्वाअकरा ते बारा. परतीची बोट एकची. माझ्या वहीत मी दोन्ही वेळा लाल शाईने लिहिल्या आणि दोन दिवस दर तासाला त्या बदलल्या नाहीत ना हे पाहत राहिले.

बेट मात्र असं होतं की बघणाऱ्याने शांत व्हावं. पांढरी वाळू, पोपटी पाणी, आणि किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर प्रवाळाची रांग. लाटा तिथेच फुटायच्या आणि आत पाणी परातीतल्यासारखं निवांत. सौरभने आबांना पाण्यात बघायचा मुखवटा लावून प्रवाळ दाखवलं. निळे मासे, जांभळे मासे, कोबीसारखी प्रवाळं. आबा पाण्याबाहेर आले ते पाठ करूनच उभे राहिले.

"काय झालं हो? आवडलं नाही?"

"भरती बघ किती समान येतेय," ते म्हणाले. "इथून तिथवर दोन बांध घातले ना, आठ वाफे होतील."

माई नऊवारी सावरत वाळूत बसून होत्या. भाईंदरजवळच्या चौक, उत्तन या गावांना त्यांनी किनारा म्हणून जो पाहिला तो बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांचा. "एवढा किनारा," त्या म्हणाल्या, "आन एक मासली सुकत न्हाय. बसायला जागा हाय म्हनून काय नुसतं बसायचं?"

आम्ही उतरलो होतो ते घर एका म्हाताऱ्या बाईंचं. ओबा. तिकडे आजीला असंच म्हणतात. बुटकं घर, लाल कौलं, कौलांवर मातीचा एक सिंह, अंगणाभोवती प्रवाळाच्या दगडांची भिंत. ओबा रोज सकाळी अंगणातली पांढरी वाळू खराट्याने विंचरत. माझं त्यांच्याशी लगेच जमलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मला जपानी, पण नीटनेटकं राहणाऱ्या बायकांना एकमेकींची भाषा लागत नाही, असा माझा समज होता.

त्या समजाचंच पुढे सगळं झालं.

पहिल्या सकाळी मी लवकर उठले तर फाटकाच्या दोन्ही बाजूंना मिठाच्या छोट्या ढिगल्या. मीठ सांडलं तर मेल्यावर ते पापण्यांनी वेचावं लागतं, असं माई सांगतात. मी विचार केला, बाईंचं वय झालंय, हात थरथरत असेल. खराटा घेतला आणि दोन्ही ढिगल्या झाडून टाकल्या. कुणाच्या तरी पापण्या वाचवल्या. संध्याकाळी ढिगल्या परत. मी परत झाडल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे परत ढिगल्या, आणि या वेळी जरा मोठ्या. म्हटलं, आता सांगायलाच हवं.

"सौरभ," मी म्हणाले, "ओबांना हळूच सांग. मिठाची पिशवी कुठेतरी फाटलीय त्यांची. मी दोन दिवस झाडतेय, पण आज आपण निघणार. नंतर कोण बघणार?"

सौरभचा दात घासायचा हात थांबला.

"आई. ते सांडलेलं नाही. ठेवलेलं आहे. घरात काही वाईट येऊ नये म्हणून ठेवतात."

हे बोलणं माईंच्या कानावर पडायला नको होतं. ते फक्त माईंच्याच कानावर पडलं.

"म्हंजे दोन दिस हे घर उघडं हाय?" त्या दारात येऊन म्हणाल्या. "आन त्येच दोन दिस पोर रडतंय."

इरा, तू रडत होतीस हे खरं. ऋचा म्हणत होती दात येतोय. पण बोटीपासून किनाऱ्यापर्यंत जो तो तुला पाहून थांबत होता, दोघी-तिघींनी फोटो काढले होते. आणि आता घराच्या राखणीचं मीठ तुझ्या सख्ख्या आजीने, एम. ए. झालेल्या आजीने, खराट्याने लोटलेलं. माईंनी निकाल दिला.

"आधी दृष्ट काढायची. मग उष्टावन. दृष्ट लागलेल्या पोराला घास देत न्हाईत."

दहा वाजून चाळीस मिनिटं. मुहूर्ताला पस्तीस मिनिटं होती. मी वही मिटली आणि म्हणाले, "काढून टाका. पाच मिनिटांचं काम. ओबांच्या स्वयंपाकघरातलं मीठ आहे, घेऊ का चिमूटभर?"

"परक्याच्या मिठानं आपली दृष्ट निघत न्हाय. एक नंबर काढ."

मी एक, दोन आणि तीन नंबर काढले. माईंनी एक नंबरमधून मूठभर मीठ घेतलं, मोहरी घेतली, सात मिरच्या घेतल्या. ऋचा तुला मांडीवर घेऊन बसली. आधुनिक आई, पण दोन रात्री झोप नव्हती, तिने विरोध केला नाही. माई मूठ ओवाळू लागल्या. "आल्यागेल्याची, बोटीवरल्याची, फोटू काढनारीची, इमानतळावरच्या त्या पोराची..." आणि मग थोडं थांबून माझ्याकडे बघत, "घरातल्यांची."

आता माझी चूक क्रमांक दोन. दृष्ट काढलेल्या मिरच्या विस्तवावर टाकतात हे मला माहीत होतं. धूर होतो हेही माहीत होतं, म्हणून ऋचाला तुला घेऊन बाहेर पाठवलं. तो धूर ओबांच्या अंगणात जाऊन त्यांना त्रास होऊ नये म्हणून मी स्वयंपाकघराच्या तिन्ही खिडक्या लावल्या, सरकता दरवाजा घट्ट ओढून घेतला आणि माईंना म्हणाले, "हं, टाका आता."

माईंनी गॅसवर तापत ठेवलेल्या कढईत मूठ उघडली.

नया नगरचा तो मसालेवाला अत्यंत प्रामाणिक माणूस आहे. हे मी त्याला नंतर जाऊन सांगितलंही.

पहिल्या मिनिटाला माझे डोळे गेले. दुसऱ्या मिनिटाला छतावरून एका बाईचा आवाज आला, फार सभ्य, एकच वाक्य पुन्हा पुन्हा. त्या देशात सगळीच यंत्रं बोलतात. सौरभच्या घरी न्हाणीघरही पाणी तापल्याचं सांगायचं. मी खोकत खोकत माईंना म्हणाले, "काळजी करू नका, भाताचा कुकर बोलतोय."

बोलत होता तो धुराचा अलार्म. 'आग, आग' म्हणत होता, असं सौरभने बाहेरून ओरडून सांगितलं. तोवर गावातला भोंगा वाजायला लागला होता.

त्या बेटावर अग्निशमन दल म्हणजे गावातलीच माणसं. भोंगा झाला की हातातलं काम टाकून शिरस्त्राण चढवायचं आणि पळायचं. एक छोटा लाल बंब कुंपणापाशी येऊन थांबला. पाच माणसं उतरली. त्यांतला एक न्हावी होता, कारण त्याच्या खांद्यावर अजून टॉवेल होता. दुसरे गृहस्थ मी ओळखले. त्यांनीच आम्हाला बोटीची तिकिटं दिली होती. त्यांनी सरकता दरवाजा ओढला आणि जो लोट बाहेर आला तो घेऊन पाचही जण एकदम मागे सरकले. खोकला, शिंका, अश्रू. न्हाव्याने टॉवेल तोंडाला लावला आणि बाकीचे चौघे तो मागू लागले.

त्याच वेळी आबा किनाऱ्यावरून आले. कपाळावर पाण्यातला मुखवटा, हातात चप्पल. त्यांनी बंब पाहिला, खोकणारे पाच जण पाहिले, हवा हुंगली.

"एवढा ठसका?" ते म्हणाले. "माई, मग दृष्ट नव्हतीच."

अर्णव, तुला सांगायला हवं. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही, तर दृष्ट जबर असते. ठसका लागला तर दृष्ट लागलेलीच नसते. हा आपल्याकडचा नियम. त्या हिशेबाने इरा त्या दिवशी त्या बेटावरची सर्वात सुरक्षित मुलगी होती.

माई काही बोलणार तेवढ्यात तिकीटवाले गृहस्थ श्वास रोखून आत घुसले. कढईतून धूर येतच होता. त्यांनी नळाखालची बादली उचलली आणि एका दमात सगळी गॅसवर ओतली.

गॅस विझला, कढई विझली. आणि गॅसशेजारी, झाकण माझ्या हातात असल्यामुळे उघडी असलेली एक नंबरची डबी काठोकाठ भरली.

धूर गेल्यावर आम्ही डबीत पाहिलं. मीठ विरघळत होतं. बघता बघता खडे लहान होत गेले. माईंनी बोटाने वाचवायला पाहिलं तर तेही निसटले. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. ज्या एका कणासाठी आम्ही हा प्रवास केला होता तो या गढूळ पाण्यात कुठेतरी होता.

माई पायरीवर बसल्या आणि गप्प झाल्या. त्यांना गप्प मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत. पाच अग्निशामक ओळीने वाकून माफी मागू लागले. मीही वाकले. मग ते अधिक वाकले. मला कमरेचा त्रास आहे, मी तिसऱ्या फेरीला माघार घेतली.

"बाचं शेवटचं मीठ व्हतं," माई हळू म्हणाल्या. "पोरीच्या तोंडाला लागलं न्हाय."

आबांनी डबी उचलली. आता सांगते त्यात मी काही वाढवलेलं नाही. दोन दिवस अस्वस्थ फिरणारा तो माणूस एकदम जागेवर आला.

"पाणीच झालंय ना?" ते म्हणाले. "मग रडायचं काय त्यात? मीठ पाण्यातच असतं. बाबांनी जन्मभर दुसरं काय केलं?"

पाणी आटवायचं. बरोबर. पण गॅस अग्निशमन दलाने बंद केला होता आणि तपासणी झाल्याशिवाय ते तो लावू देणार नव्हते. आबांनी हातवारे करून विचारलं, चूल? विस्तव? ओबांनी त्यांना बोटाने घराच्या मागे बोलावलं.

मागे दगडांच्या चुलीवर एक मोठी, पसरट लोखंडी कढई होती. खाली लाकडं जळत होती, आत पाणी रटरटत होतं.

"बघ," आबा मला म्हणाले, "पाणी तापवूनच ठेवलंय," आणि डबी उपडी केली.

"अहो, थांबा, आधी विचारा आत कसलं पाणी..."

"पाण्यासारखं पाणी."

त्यांनी एक थेंब बोटावर घेऊन चाखला. मग माझ्याकडे पाहिलं. "खारट आहे."

ओबा स्वतःच्या घरचं मीठ स्वतः करत. पहाटे आणलेलं समुद्राचं पाणी सकाळपासून त्या कढईत आटत होतं. भाईंदरचं शेवटचं मीठ आता ओकिनावाच्या समुद्रात गेलं होतं, आणि जगातली कुठलीही यादी, कुठलाही नंबर ते वेगळं काढू शकणार नव्हता.

ओबांनी रिकामी डबी पाहिली, कढई पाहिली. मग हसून त्यांनी हातातलं लाकडी फावडं आबांना दिलं.

अकरा चाळीस. आबा कढईशी उभे. अग्निशमन दल लाकडं सारतंय. (आग विझवायला आलेली माणसं आग वाढवताना मी प्रथमच पाहत होते.) मी घड्याळ घेऊन वेळा ओरडतेय. ऋचाने भात मऊ करून ठेवला, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की उष्टावण मामाने करायचं असतं. मामा, म्हणजे ऋचाचा भाऊ निनाद, नाशिकहून व्हिडिओ कॉलवर हजर राहणार होता. कॉल लागला. निनादचं अर्धं कपाळ दिसलं आणि तिथेच थिजलं.

"कपाळाच्या हातनं घास भरवनार काय?" माई उठल्या. त्यांच्यात जीव आला होता. त्यांनी अग्निशमन दलावरून नजर फिरवली, जशी त्या भाजीवरून फिरवत. "ह्यो चालंल. पानी ह्यानंच ओतलं, घासबी ह्यानंच भरवायचा."

सौरभने तिकीटवाल्या गृहस्थांना समजावलं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. ऋचाने त्यांना साबणाने हात धुवायला लावले आणि नखं तपासली.

अकरा त्रेपन्नला कढईत पांढरी साय धरली. आबांनी फावड्याने कडेला ओढली आणि चिमूट जिभेवर ठेवली. डोळे मिटले.

"आपल्या आगराचं," ते म्हणाले. "चव लपत नाही."

माईंनी माझ्याकडे पाहायचं टाळलं. मीही त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

ऋचाने एक कण निवडला. मोजून एक. चमच्याच्या टोकाला लावला. इरा, तुझ्या आयुष्यातला पहिला घास तुला शिरस्त्राण घातलेल्या, डोळे लाल झालेल्या एका मामाने भरवला. तू तोंड वाकडं केलंस. मग तू जीभ बाहेर काढून ओठ चाटलास आणि चमच्याकडे हात केलास. रडणं थांबलं. बारा वाजायला तीन मिनिटं होती. न्हाव्याने शेजारून तीन तारांचं वाद्य आणलं, ओबा हात वर करून मनगटं वळवत नाचू लागल्या आणि आबाही त्यांत मिसळले. विसर्जनाला नाचतात तसे. बेटावर कुणालाच त्यात फरक कळला नाही.

निघताना ओबांनी कढईतलं मीठ आमच्या डबीत भरलं. माईंच्या हातात न देता पायरीवर ठेवलं आणि पुढे सरकवलं. माईंनी मला कोपर मारलं. "बघ. शिकलेली बाई."

एकची बोट आम्ही गाठली. तिकिटं परत त्याच गृहस्थांनी तपासली. आबा बसल्या जागी झोपले. माई डबी मांडीवर घेऊन चुळबुळ करत होत्या. मला वाटलं, आता खिडक्यांवरून बोलणी बसणार.

"सुमन," त्या म्हणाल्या, "त्या मिठाचं वाईट वाटून घिऊ नको. त्ये बाचं नव्हतंच."

"म्हणजे?"

"तुझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. बरनी उघडी रायली आन म्हैस चाटून गेली. सगली. बाला कललं असतं तर त्यानं अन्न सोडलं असतं. मी बाजारातनं आनून भरलं. तुझ्या पैल्या पानात वाढलं ना, त्ये दुकानाचं."

आबा झोपलेलेच आहेत ना, ते मी पाहून घेतलं. मग म्हणाले, "माई, तेही राहिलं नाही. सिल्व्हर पार्कला आलो त्या वर्षी बरणी सिंकखाली ठेवली होती. पाइप गळला. निम्मी बरणी पाणी. मी ओतून टाकलं आणि वाण्याकडून जाडं मीठ आणून भरलं."

"कवा?"

"वीस वर्षं झाली."

"म्हनून मी झाकन उघडलं की तू भांडी घासायचीस?"

"मला वाटायचं, तुम्हाला संशय आलाय. म्हणून दर महिन्याला बघता."

"मला वाटायचं, तुला आलाय. म्हनून बघत व्हते, टाकलंस की काय."

त्या हसायला लागल्या. मीही. आबा जागे झाले, "काय झालं?" म्हणाले. "काय न्हाय," माई म्हणाल्या, "झोप तू." त्यांनी मला शब्द द्यायला लावला की त्या आहेत तोवर मी हे कुणाला सांगणार नाही. माई जाऊन आता तीन वर्षं झाली. म्हणून आता लिहितेय.

घरी आल्यावर बरणीतलं वाण्याचं मीठ आम्ही दोघींनी गुपचूप काढलं आणि डबीतलं भरलं. इरा, शाळेसाठी त्यातलं पन्नास ग्रॅम मीठ पाठवतेय. पुडीवर खरं लेबल लावलंय. हे दोनशे वर्षांचं नाही, भाईंदरचंही नाही. एका ओबांनी आणि तुझ्या आबांनी मिळून केलेलं आहे आणि तुझ्या पहिल्या घासाला लागलेलं आहे. अर्णव, तुझ्या उष्टावणालाही यातलाच कण होता. म्हणजे जे बेट तू पाहिलं नाहीस त्याची चव तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. आबांना म्हशीचं आणि पाइपचं काही माहीत नाही. ते अजूनही पाहुण्यांना चिमूटभर चाखवतात आणि चव लपत नाही म्हणतात. फोनवर विषय काढू नका.

बरणी आमच्याकडे अजून आहे. सिंकपासून दूर, वरच्या फळीवर, पाऊण भरलेली. ती मात्र अस्सल पणजोबांची आहे, याची मी खात्री देते. झाकण दुसऱ्या बरणीचं आहे. पहिलं माझ्या हातून फुटलं.

तुमची,
आजी